पळणाऱ्यांना गावचा एक रस्ता द्या

या पानावर मी येतो तो करपा, खोडकिडा नाहीतर पीक विम्याची शेवटची तारीख घेऊन. आज विषय जरा वेगळा आहे. विषय पळण्याचा आहे. "साहेबांना खात्यात काम उरलेलं दिसत नाही," असे म्हणून पान उलटू नका. दोन मिनिटे बसा. विषय शेवटी तुमच्या गावच्या रस्त्यावर आणि तुमच्या घरातल्या पोरापोरींवर येणार आहे.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. पहाटे साडेपाचला मी रस्त्याच्या कडेने पळत होतो. मागून एक दुचाकी आली आणि माझ्या बाजूला हळू झाली. "सायेब, एस.टी. चुकली काय? बसा मागं, फाट्यापर्यंत सोडतो." मी म्हटले, "नाही हो दादा, असाच पळतोय." त्या भल्या माणसाने माझ्याकडे असे पाहिले की घरी काही बरेवाईट झाले असावे असे त्याला वाटले असणार. आपल्याकडे माणूस पळतो तो तीनच वेळी. एस.टी. सुटताना, रानडुक्कर मागे लागल्यावर आणि भरतीच्या मैदानावर. विनाकारण पळणारा म्हणजे शहरातला, पोट सुटलेला, सुखवस्तू माणूस. माझेही मत पूर्वी हेच होते, हे कबूल करतो.

ते बदलले २०२१ च्या पावसाळ्यात. २२ जुलै २०२१ काय होता, हे आपल्या दोन्ही तालुक्यांत कोणाला सांगावे लागत नाही. महाड शहर पाण्याखाली गेले. तळीयेवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी कोसळल्या. फोन बंद, वीज बंद, रस्त्यावर जागोजागी माती. पुढचे कितीतरी दिवस नुकसानीचे पंचनामे करायला आम्ही वाड्यावाड्यांवर पायी जात होतो. अशाच एका वाडीवर चढताना माझ्या पुढे एक सत्तरीच्या आजी होत्या. डोक्यावर बोचके. त्या एका दमात वर गेल्या. मी तिशीतला माणूस, तीन ठिकाणी दगडावर बसलो. तिसऱ्या वेळी आजी वरून ओरडल्या, "बसा साहेब, सावकाश या. शेत काय पळून जात न्हाय. जायचं ते वाहून गेलं."

त्या वाक्याने मी हसलो नाही. खाली उतरताना एकच विचार होता. या मुलखात रस्ता कधी तुटेल याचा नेम नाही. सावित्रीवरचा पूल २०१६ च्या ऑगस्टमध्ये एका रात्रीत गेला, तेही आपण पाहिले. अशा ठिकाणी नोकरी करणाऱ्या माणसाला पाय नसतील, तर त्याच्या हातातल्या कागदांचा उपयोग काय?

पळायला सुरुवात अशी झाली. आधी एकटाच होतो. मग एक प्राथमिक शिक्षक आले. ते शाळेत असताना तालुक्याला पळालेले. मग एमआयडीसीत पाळीवर जाणारे दोघे, एस.टी.चे एक वाहक, पोलादपूरकडचे तीन शेतकरी आणि एक आशा ताई. ताई आल्या तेव्हा त्यांच्या वाडीत कुजबूज झाली. मग त्यांनी एक मैत्रीण बरोबर आणली आणि कुजबूज निम्मी झाली. उरलेली निम्मी, त्यांच्या सासूबाईंनी "माझी सून पळते, तुमच्या पोटात का दुखतं?" असे विहिरीवर विचारले त्या दिवशी संपली. असा चौदा जणांचा ग्रुप जमला.

त्यातले अकरा जण आम्ही २०२३ च्या सप्टेंबरात साताऱ्याला हिल हाफ मॅरेथॉन पळायला गेलो. हाफ मॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर आणि वर शंभरेक मीटर. अंदाज हवा असेल तर असा धरा, महाडहून पोलादपूरला पोचायचे आणि वर आणखी दोन-तीन किलोमीटर जायचे. साताऱ्याची ही शर्यत २०१२ साली सुरू झाली. २०१५ साली एकाच डोंगरावर सर्वात जास्त माणसे पळाल्याचा गिनीज विक्रम तिच्या नावावर लागला. समर्थ मंदिरावरून, बोगद्यातून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्याला ठरल्या ठिकाणाहून वळायचे आणि आल्या वाटेने उतरायचे. निम्मी शर्यत चढ आणि निम्मी उतार.

आदल्या दिवशी आंबेनळी घाटातून निघालो. दाभिळ टोकाच्या बाजूला गाडीत कोणी बोलत नव्हते. २८ जुलै २०१८ ला याच घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातली माणसे घेऊन चाललेली बस कोसळली आणि तीसच्या आसपास जण गेले. आमच्या शेती क्षेत्रातल्या माणसाला तो घाट नुसता घाट राहिलेला नाही. असो.

आता शर्यतीचे सांगतो, कारण खरे शिकणे तिथेच झाले. आमच्यातला एक शेतकरी गडी म्हणजे नुसता पोलाद. पन्नास किलोचे पोते खांद्यावर टाकून खळ्यावरून घरापर्यंत चढून येणारा. तयारीला तो आठवड्यातून एकदा यायचा. "आम्ही रोज शेतात पळतो, तुमचं चालू द्या," हे त्याचे ठरलेले उत्तर. आशा ताईंचे उलट. त्या चार महिने एकही दिवस चुकल्या नाहीत, पण वेग असा की शाळेची पोरे त्यांना मागे टाकून जायची. शर्यत सुटली तसा आमचा गडी गर्दीत दिसेनासा झाला. यवतेश्वरचा चढ अर्धा झाला तेव्हा मला तो कठड्याला धरून उभा दिसला. पोटरीत गोळे आलेले, तोंड पांढरे. मी थांबलो, मीठ-साखरेचे पाणी दिले. "तुम्ही व्हा पुढं," म्हणाला. तेवढ्यात मागून ताई आल्या. ना धाप, ना घाई. आमच्याकडे बघून "चालत चला भाऊजी, बसू नका" एवढे बोलल्या आणि पुढे गेल्या. मी २ तास ४१ मिनिटांत आलो. ताई माझ्यानंतर अकरा मिनिटांनी आल्या आणि आल्या तशा आपल्या पिशवीतून भाकरी काढून बसल्या. गडी सव्वातीन तासांनी लंगडत पोचला. पोचला, हे मात्र त्याचे मोठेपण.

तुम्ही म्हणाल, हा त्याचा दिवस वाईट होता. नाही हो. ओझे उचलण्याची ताकद वेगळी आणि तास-दोन तास हृदय एका लयीत चालवण्याची ताकद वेगळी. पहिली त्याच्याकडे तुमच्या-माझ्यापेक्षा दुप्पट आहे. दुसरी कमवावी लागते. ताई वाड्या-वस्त्यांवर रोज चालतात, त्यावर त्यांनी चार महिने सावकाश पळण्याचे थर चढवले. सगळा फरक एवढाच.

आणि खरे बोलायचे तर शेतकरी रोज पळतो हेही आता कितपत खरे आहे? लावणीला आणि कापणीला अंग मोडते, यात वाद नाही. पण नांगरटीला पॉवर टिलर आला, झोडपणीला मळणी यंत्र आले, फाट्यावर जायला दुचाकी आली. तरणी माणसे मुंबई, सुरत, बडोद्याला. गावात राहिलेल्या चाळीशी-पन्नाशीच्या माणसाचे वर्षातले सात-आठ महिने कसे जातात, हे ज्याचे त्याने आठवावे. आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या न्यायला रांगेत जे उभे असतात, ते काही शहरातून आलेले नसतात.

पळणे हा शहरी लोकांचा छंद, हा समज इतिहासालाही धरून नाही. १९१९ च्या सुमारास पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहताना दोराबजी टाटांच्या नजरेत जे धावपटू भरले, त्यातले बरेच शेतकऱ्यांची पोरे होती. अनवाणी पळणारी, साध्या अन्नावर वाढलेली. त्यांच्या वेळा परदेशी धावपटूंच्या जवळ जातात हे पाहून टाटांनी पुढाकार घेतला आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला हिंदुस्थानातून खेळाडू गेले. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले आणि एकोणिसावे आले. आपल्या काळातले बघायचे तर बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. घर शेतकऱ्याचे. शाळेला पायी जाणारा हा पोरगा महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, तिथे त्याचे पळणे दिसले. २०२० मध्ये दिल्लीत त्याने हाच २१ किलोमीटरचा पल्ला १ तास ३० सेकंदांत पुरा करून राष्ट्रीय विक्रम केला. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक आणले. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये त्याच स्टीपलचेसची अंतिम फेरी पळाली. तिचेही घर शेतकऱ्याचेच.

अविनाश साबळेचे नाव मी मुद्दाम घेतले. फौज आपल्या मातीत नवी नाही. आपल्या महाड तालुक्यातल्या एका गावाला फौजी आंबवडे म्हणतात, ते उगीच नाही. पहिल्या महायुद्धापासून तिथली माणसे सैन्यात आहेत. आजही दोन्ही तालुक्यांतली पोरे लष्कर आणि पोलीस भरतीची तयारी करतात. आणि माझे खरे दुखणे इथे आहे.

ही पोरे पळतात कुठे? हायवेच्या कडेला. पहाटे पाचला, अंधारात, काळी पॅन्ट घालून. महामार्ग चौपदरी झाल्यापासून गाड्यांचा वेग काय आहे, हे मी सांगायला नको. एका हिवाळ्यात आमच्याबरोबर अधूनमधून येणारा एक पोरगा असाच एकटा पळत होता. पिकअप घासून गेला. जीव वाचला, कोपर मोडले, त्या वर्षीची भरती गेली. त्याच्या वडिलांची जमीन अठरा गुंठे. त्या घराने काय गमावले, त्याचा पंचनामा करायला कुठल्या रकान्यात जागा आहे?

तो हायवेला का गेला? कारण गावात सपाट, खड्डे नसलेला, मोजलेला रस्ता नाही. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर पळावे लागते. मैदानी चाचणीचे गुण एकूण ५०. एकेका गुणाने पोरे राहतात. पण १६०० मीटर म्हणजे नेमके कुठून कुठपर्यंत, हे माहीत नसलेलीच पोरे मला जास्त भेटली. कोणी म्हणतो मोरीपासून देवळापर्यंत, कोणी म्हणतो शाळेला चार फेऱ्या. मुलींची गोष्ट तर बोलूच नका. हायवेला अंधारात त्यांना कोण पाठवणार? त्या भरतीच्या आधी पंधरा दिवस अंगणात पळतात.

दुसरे म्हणजे तयारीची पद्धत. रोज उठायचे आणि तेच १६०० मीटर जीव तोडून पळायचे. महिनाभरात नडगी दुखायला लागते, मग वेदनाशामक गोळी, मग पुन्हा तेच. शेतकरी बंधूंनो, भाताला सगळा युरिया तुम्ही एकदम फेकता का? फेकलात तर पाण्याबरोबर जातो आणि उरलेला रोगाला बोलावतो. म्हणून आम्ही तीन हप्त्यांत द्या म्हणतो. पळण्याचे तसेच आहे. आठवड्यातले बहुतेक दिवस सोबत्याशी बोलता येईल इतके सावकाश पळायचे. एक दिवस लांब पल्ला, एखादा दिवस वेगाचा, एक दिवस पूर्ण विश्रांती. गेल्या आठवड्यात जेवढे पळालात त्याच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त पुढच्या आठवड्यात वाढवायचे नाही, असा जुन्या धावपटूंचा एक ढोबळ हिशोब आहे. ज्याला १० किलोमीटर सावकाश पळता येते, त्याला १६०० मीटरची भीती राहत नाही. आमच्याबरोबर नेमाने आलेल्या भरतीच्या पोरांच्या तोंडावरच हा फरक दिसतो.

खाण्याचे विचाराल तर त्यात मला थोडा आनंद झाला, तो सांगतो. नाचणी लावा, नाचणी खा, हे मी किती वर्षे सांगतोय. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात दहाच्या आसपास. हे आकडे मी सभांतून इतक्या वेळा वाचले की ग्रामपंचायतीच्या शिपायाला पाठ झाले असतील. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते, तेव्हा बॅनरही लावले. ढिम्म. पण ताईंनी साताऱ्याला शर्यत संपल्यावर नाचणीची भाकरी आणि खोबऱ्याची चटणी काढली आणि ती अकरा जणांनी ओरबाडून खाल्ली, त्यानंतर त्यांच्या वाडीतली नाचणी पेरणीआधीच बोलली गेली. पळताना दुकानातली महागडी पाकिटे लागत नाहीत. आदल्या रात्री पोटभर भात, सकाळी मिठाची पातळ पेज, बरोबर लिंबू-मीठ-साखरेचे पाणी. नुसते पाणी तांब्यावर तांब्या पिऊ नये. घामातून मीठ जाते आणि नुसत्या पाण्याने रक्तातले उरलेले मीठही पातळ होते.

आता सरपंच, ग्रामसेवक आणि सदस्य मंडळींशी बोलतो. (ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे. रागावू नका भाऊसाहेब, जिभेची सवय.) स्टेडियम द्या असे मी म्हणत नाही. त्याचा प्रस्ताव तयार होईपर्यंत आजच्या पोरांना पोरे होतील. गावातला एक आतला रस्ता निवडा. दीड-दोन किलोमीटरचा, शक्य तितका सपाट, डंपर न येणारा. पहाटे साडेपाच ते सात तो पळणाऱ्यांचा, असा ग्रामसभेत ठराव करा. दोन टोकांना "पोरं पळत आहेत, गाडी सावकाश" अशी पाटी लावा. टेपने मोजून दर १०० मीटरला चुन्याची रेघ मारा, १६०० मीटरवर ठळक मारा. दोन दिवे दुरुस्त करा, ते नाहीतरी करायचेच आहेत. दूधवाले आणि पाळीच्या गाड्या यांना अडवायचे नाही, फक्त हळू जायला सांगायचे. खर्च एक गोणी चुना, दोन पत्र्याच्या पाट्या आणि थोडी इच्छा. शाळेचे मैदान असेल तर मुख्याध्यापकांशी बोलून संध्याकाळी मुलींसाठी एक तास ठेवा. गावातल्या दोन बाया तिथे नुसत्या बसल्या तरी पुरे.

यावर एका सदस्यांनी मला विचारले, "त्यापेक्षा आपण तालुक्याची मॅरेथॉनच भरवू की! टी-शर्ट छापू, पाहुणे बोलावू." मला त्याचीच भीती वाटते. आधी वर्षभर पळणे आणि मग शर्यत. आपल्याकडे उलटे होते. टी-शर्ट वाटायचा, झेंडा दाखवायचा, फोटो काढायचा आणि कधी न पळालेल्या माणसाला उन्हात दहा किलोमीटर सोडायचे. धडधाकट दिसणारी माणसे अशा शर्यतींत कोसळल्याच्या बातम्या आपण वाचतो. चाळीशी पार केलेल्याने, रक्तदाब-साखर असलेल्याने, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल त्याने आधी डॉक्टरांना दाखवावे. तोवर चालावे. चालण्यात कमीपणा नाही. यवतेश्वरला निम्मे लोक चालतच होते, मीही थोडा चाललो.

शर्यत भरवायचीच असेल तर हंगाम बघून भरवा. जूनपासून आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, जुलैत सगळे लावणीत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात भातकापणी. जानेवारीत भात कणगीत गेलेले असते, वाल शेतात उभा असतो, पहाटे गारवा असतो. तेव्हा आतल्या रस्त्यांवरून भरवा, हायवेवरून नको. पाण्याच्या टेबलावर पेज ठेवा आणि रुग्णवाहिका उभी करा. दोन वर्षे तयारी करून केली तरी चालेल. साताऱ्याचीही एका वर्षात मोठी झालेली नाही.

"पळून पोट भरते का?" हा प्रश्न उरतो. नाही भरत. मीही पगारावर जगतो, पदकावर नाही. पण अठरा गुंठ्यांच्या घरातला एक पोरगा भरती झाला की त्या घराचे किती वर्षांचे पोट भरते, हे तुम्ही मला सांगायला हवे. आणि ज्या बापाला पंचेचाळिसाव्या वर्षी वरच्या शेतावर जाताना धाप लागते, त्याचे शेत पुढे कोण करणार, हेही.

ग्रामसभा २६ जानेवारीला असते, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरलाही असते. जी जवळ असेल तिच्यात विषय आधी लेखी द्या, आयत्या वेळचा विषय म्हणून ढकलू नका. आमच्या ग्रुपकडे ५० मीटरची टेप आहे. मोजायला आमच्यातले दोघे सकाळी येतील, चहाही घरून पिऊन येतील. चुना तेवढा ग्रामपंचायतीने आणून ठेवावा.